घरच्या संगणकातून बनावट अँटिव्हायरस कसा काढावा

संगणकावर काम चालू असताना पडद्यावर अचानक एक चौकट उघडते, तिच्यात काही सेकंदांत 'तपासणी' उरकते, व्हायरसांचा आकडा डोळ्यांदेखत वाढत जातो आणि शेवटी ते सगळे काढून टाकण्यासाठी पैसे भरण्याचे बटण समोर येते. हा बनावट अँटिव्हायरस होय. त्याने आपल्या संगणकातली एकही फाईल तपासलेली नसते. धोक्यांची यादी आधीच तयार असते आणि समोर कोण बसले आहे याच्याशी तिचा काही संबंध नसतो. हा धंदा जुना आहे. 'विनफिक्सर', 'ड्राइव्हक्लीनर', 'एक्सपी अँटिव्हायरस' अशा नावांनी हे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयात धाव घेतली, तेव्हा दहा लाखांहून अधिक ग्राहक फसल्याचे आयोगाने म्हटले होते, आणि २०१२ मध्ये न्यायालयाने त्या प्रकरणात १६ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. मॅक वापरणारेही सुटले नाहीत. मे २०११ मध्ये 'मॅक डिफेंडर' पसरला आणि महिनाअखेरीस ॲपलला त्यावर सुरक्षा अपडेट काढावे लागले.

नावे बदलत गेली, पण आधी घाबरवायचे आणि मग विचाराला उसंत द्यायची नाही, ही रीत तशीच राहिली. म्हणून तो काढताना सर्वांत महत्त्वाचा असतो तो क्रम. कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर, हे पाळले तर संगणकाची जुजबी माहिती असलेली व्यक्तीही हे काम घरी करू शकते. पुढचे सर्व विवेचन विंडोज १० आणि विंडोज ११ धरून केले आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक घरांत तेच असते.

पैसे किंवा कार्डाची माहिती गेली असेल तर आधी हे करा

कार्डाचा क्रमांक भरला असेल, यूपीआयने रक्कम पाठवली असेल किंवा फोनवरच्या माणसाला संगणकाचा ताबा दिला असेल, तर संगणकाचे इंटरनेट तोडावे, तो आहे तसा सोडावा आणि फोन हातात घ्यावा. सफाई उद्या केली तरी चालेल. बँकेला कळवण्याचे काम मात्र आत्ताच व्हायला हवे.

बँकेच्या मोबाइल ॲपमधून कार्ड तात्पुरते बंद करता येते. त्याच ठिकाणी ऑनलाइन आणि आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू-बंद करण्याची सोय असते, तीही वापरावी. परदेशी संकेतस्थळावर भारतीय कार्डाचा व्यवहार ओटीपीशिवायही होऊ शकतो, त्यामुळे 'मी ओटीपी दिलाच नव्हता' या भरवशावर थांबू नये. त्यानंतर बँकेला फोन करून तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेले तत्त्व असे आहे की, ग्राहकाने स्वतःच गोपनीय माहिती दिल्यामुळे नुकसान झाले असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा भार त्याच्यावर राहतो, पण कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे असते. म्हणजे कळवण्याची वेळ हीच इथे पैशाची सीमारेषा ठरते.

सायबर फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे आणि लेखी तक्रार 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या सरकारी पोर्टलवर करता येते. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता यावेत हा या यंत्रणेचा उद्देश आहे, त्यामुळे इथेही उशीर करू नये. पडद्यावरच्या इशाऱ्याचे, त्यावरील फोन क्रमांकाचे आणि पावतीचे मोबाइलने फोटो काढून ठेवावेत. सफाईनंतर हा पुरावा हाती राहत नाही. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरूनच बदलावेत. बाधित संगणकावरून बदललेला पासवर्ड बदलला असे मानता येत नाही.

नेमके काय झाले आहे ते ओळखा

एकच लाल चौकट चार वेगवेगळ्या कारणांनी दिसू शकते आणि प्रत्येकावरचा उपाय निराळा आहे. ओळखण्यासाठी एक सोपी चाचणी आहे. वायफाय बंद करावे किंवा राउटरची वायर काढावी, ब्राउझर पूर्ण बंद करावा आणि संगणक पुन्हा सुरू करून पाच-दहा मिनिटे ब्राउझर न उघडता थांबावे.

इशारा पुन्हा आला नाही, तर बहुतेक वेळा तो केवळ एक वेबपान होता आणि संगणकात काहीही शिरलेले नाही. इंटरनेट परत जोडल्यावर उजव्या खालच्या कोपऱ्यात छोट्या सूचना येऊ लागल्या, तर ब्राउझरला दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानगीचा तो परिणाम आहे. इंटरनेट नसतानाही चौकट स्वतःहून उघडत असेल, टास्कबारवर अनोळखी ढालीचे चिन्ह दिसत असेल किंवा टास्क मॅनेजर उघडताच बंद होत असेल, तर बनावट प्रोग्राम खरोखर बसलेला आहे.

चौथी शक्यता अशी की इशारा खराच असेल. नव्या लॅपटॉपसोबत मॅकॅफी किंवा नॉर्टन यांची चाचणी आवृत्ती येते आणि तिची मुदत संपली की ती नूतनीकरणाची आठवण करून देते. पुण्याच्या क्विक हीलची किंवा मुंबईच्या ई-स्कॅनची पेटी जवळच्या दुकानातून आणून बसवलेली असेल, तर तीही मुदत संपताना सांगते. फसवणूक करणारे नेमकी हीच नावे वापरतात, म्हणून इशाऱ्यातल्या बटणावर कधीच क्लिक करू नये. स्टार्ट मेनूतून तो प्रोग्राम स्वतः उघडावा आणि मुदत तिथे पाहावी. प्रोग्रामच सापडला नाही, तर मुदत संपण्याचा प्रश्न येत नाही. खरी चाचणी आवृत्ती नको असेल तर ती काढून टाकता येते; ती गेल्यावर विंडोजमधला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आपोआप काम हाती घेतो आणि साध्या घरगुती वापराला तो पुरेसा आहे, असे माझे मत आहे.

फक्त वेबपान किंवा नोटिफिकेशन असेल तर

पडदाभर पसरलेल्या पानावर मायक्रोसॉफ्टचे चिन्ह, कर्कश आवाज आणि 'संगणक बंद करू नका' अशी ताकीद असते. हे पान ब्राउझरला पूर्ण पडद्यावर नेते, त्यामुळे वरचे बंद करण्याचे चिन्ह दिसेनासे होते आणि संगणक अडकला असे वाटते. एस्केपची कळ दोन-तीन सेकंद दाबून धरावी. पान लहान होते आणि टॅब बंद करता येतो. तेवढ्याने जमले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावा, ब्राउझरचे नाव निवडावे आणि 'एंड टास्क' म्हणावे. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर 'आधीची पाने पुन्हा उघडायची का' असे विचारले, तर नकार द्यावा, नाहीतर तेच पान परत येईल. पानावरचे 'बंद करा', 'रद्द करा' किंवा फुलीचे चिन्हही खरे नसते; ते पानावर काढलेले चित्र असते आणि त्यावर क्लिक केल्यास फाईल उतरू शकते. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये त्या वेळेची एखादी अनोळखी फाईल दिसली, तर ती न उघडता काढून टाकावी. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो, एवढे एक लक्षण घरातल्या सर्वांना सांगून ठेवले तरी पुष्कळ काम होते.

कोपऱ्यातल्या सूचनांचा प्रकार सध्या फार दिसतो, आणि तेवढ्यासाठी संगणक फॉरमॅट करून पैसे घेणारे दुकानदारही आहेत, म्हणून याबद्दल जरा सविस्तर सांगतो. मालिका, क्रिकेटचे सामने किंवा फुकट पुस्तके देणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर 'तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा' असे लिहिलेले असते. ते दाबले की त्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची कायमची परवानगी मिळते. मग 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस', 'संरक्षण आज संपत आहे' अशा सूचना विंडोजच्या स्वतःच्या सूचनांसारख्या दिसू लागतात. नीट पाहिले तर त्या चौकटीत ब्राउझरचे नाव आणि त्याच्याजवळ बारीक अक्षरांत एका विचित्र संकेतस्थळाचा पत्ता असतो. विंडोजच्या स्वतःच्या सूचनेत असा पत्ता नसतो. तो पत्ता दिसला की निदान झाले.

क्रोममध्ये वरच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्ज, तिथून 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'साइट सेटिंग्ज' आणि शेवटी 'नोटिफिकेशन्स' असे जावे. परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची यादी तिथे असते. ओळखीचे नसेल ते प्रत्येक नाव काढावे आणि वरचा पर्याय असा ठेवावा की कोणत्याही संकेतस्थळाला परवानगी मागताच येऊ नये. बँक किंवा ईमेलच्या सूचना यामुळे बंद पडतील ही भीती असते, पण त्या मोबाइलवर येतातच. एज आणि फायरफॉक्समध्येही साइटच्या परवानग्यांत हीच यादी मिळते. एजमध्ये पडदाभर पसरणारी फसवी पाने अडवणारा 'स्केअरवेअर ब्लॉकर' नावाचा पर्याय आहे, तो चालू आहे ना ते पाहावे. मोबाइलवरच्या क्रोममध्येही याच परवानगीतून असाच त्रास होतो आणि उपायही हाच आहे.

प्रोग्राम खरोखर बसला असेल तर

इंटरनेट तोडलेलेच राहू द्यावे. सफाईसाठी लागणारी साधने दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हवर आणावीत. बाधित संगणकावर 'व्हायरस काढण्याचे टूल' असे शोधून पहिल्या जाहिरातीवर क्लिक करणे हा नवे संकट ओढवण्याचा हमखास मार्ग आहे, कारण त्या शोधात वर येणाऱ्या अनेक वस्तू याच जातीच्या असतात. मायक्रोसॉफ्टचा 'सेफ्टी स्कॅनर', 'मालवेअरबाइट्स'ची मोफत आवृत्ती आणि त्याच कंपनीचा 'ॲडवक्लीनर' ही तीन साधने पुरतात. सेफ्टी स्कॅनर उतरवल्यापासून दहा दिवसांनी निरुपयोगी होतो, म्हणून जुनी प्रत न वापरता दरवेळी नवी आणावी. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही मोफत साधने आहेत. हे केंद्र सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २०१७ मध्ये सुरू केले.

आता चालू असलेला प्रोग्राम थांबवायचा. टास्क मॅनेजर उघडून संशयास्पद नावावर राइट क्लिक करावे आणि 'एंड टास्क' म्हणण्याआधी 'ओपन फाईल लोकेशन' निवडावे, म्हणजे त्याची फाईल कुठे लपली आहे ते कळते. बनावट अँटिव्हायरस सहसा प्रोग्राम फाइल्समध्ये बसत नाही. तो आपल्या खात्याच्या 'ॲपडेटा' फोल्डरमध्ये किंवा 'प्रोग्रामडेटा'मध्ये निरर्थक अक्षरांच्या वा आकड्यांच्या नावाने राहतो, कारण तिथे लिहायला प्रशासकाची परवानगी लागत नाही. काही चांगले प्रोग्रामही ॲपडेटामध्ये असतात, त्यामुळे केवळ जागेवरून निकाल देऊ नये. त्या फाईलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडावे आणि 'डिजिटल सिग्नेचर्स' हा टॅब शोधावा. खरी अँटिव्हायरस कंपनी आपल्या फाईलवर डिजिटल स्वाक्षरी करतेच. टॅबच नसेल, किंवा स्वाक्षरी करणाऱ्याचे नाव आणि पडद्यावरच्या उत्पादनाचे नाव यांचा मेळ बसत नसेल, तर शंका पक्की झाली असे समजावे. ती फाईल कुठे होती आणि तिचे नाव काय होते, हे कागदावर लिहून ठेवावे.

प्रोग्राम थांबला की सेटिंग्जमध्ये 'ॲप्स' उघडावे आणि यादी इन्स्टॉल केल्याच्या तारखेनुसार लावावी. त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास आलेल्या नोंदी आता एकत्र दिसतील, आणि बनावट अँटिव्हायरससोबत एखादे 'पीसी बूस्टर', 'ड्रायव्हर अपडेटर' किंवा ब्राउझरचे टूलबारही त्याच दिवशी आलेले आढळेल. ती सगळीच अनइन्स्टॉल करावीत. काढताना 'खात्री आहे का', 'ठेवल्यास सवलत मिळेल' असे प्रश्न येतात आणि बटणांची जागा मुद्दाम उलटसुलट केलेली असते, म्हणून प्रत्येक चौकट वाचूनच पुढे जावे.

टास्क मॅनेजर उघडतच नसेल किंवा थांबवलेला प्रोग्राम लगेच परत येत असेल, तर सेफ मोडची गरज आहे. शिफ्टची कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' म्हणावे. निळ्या पडद्यावर 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' या क्रमाने जाऊन पुन्हा रीस्टार्ट करावे आणि यादी आली की ४ हा आकडा दाबावा. ५ दाबल्यास सेफ मोडमध्ये इंटरनेटही मिळते, पण साधने पेनड्राइव्हवर असतील तर त्याची जरूर नाही. संगणकाची डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क सांकेतिक करणाऱ्या सोयीने, कुलूपबंद असेल तर इथे ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. सेफ मोडकडे वळण्यापूर्वी मोबाइलवरून ती शोधून ठेवावी. सेफ मोडमध्ये फक्त विंडोजचे आवश्यक भाग सुरू होतात, त्यामुळे बनावट प्रोग्राम झोपलेला असताना सेफ्टी स्कॅनर त्याच्यावर चालवता येतो. विंडोजची इन्स्टॉलर सेवा मात्र तिथे चालत नाही, म्हणून काही प्रोग्राम सेफ मोडमध्ये अनइन्स्टॉल होत नाहीत. तो संदेश आला तर गोंधळून जाऊ नये. आधी तपासणी पूर्ण करावी आणि उरलेले अनइन्स्टॉल नेहमीच्या मोडमध्ये परत येऊन करावे.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. सेफ मोडमध्ये सेफ्टी स्कॅनरची 'फुल स्कॅन' करावी; जुन्या हार्डडिस्कवर तिला काही तास लागतात, तेवढा वेळ द्यावा. नंतर नेहमीच्या मोडमध्ये येऊन इंटरनेट जोडावे, मालवेअरबाइट्स बसवून ते अपडेट करावे आणि तपासणी करून सापडलेले सर्व 'क्वारंटाइन' करावे, म्हणजे चालू शकणार नाही असे बाजूला कोंडून ठेवावे. मग ॲडवक्लीनर चालवावा, कारण टूलबार, बदललेली शोधपाने आणि जाहिरातींचे अवशेष तो विशेष बारकाईने काढतो. शेवटी 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', तिथे 'स्कॅन ऑप्शन्स' आणि त्यातली 'ऑफलाइन स्कॅन' निवडावी. संगणक स्वतः बंद होऊन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी करतो आणि साधारण पंधरा मिनिटांत परत सुरू होतो. विंडोजच्या आड लपून बसणारी वस्तू पकडायला ही तपासणी सर्वांत उपयोगी आहे आणि ती पूर्ण फुकट आहे, तरी लोक ती वापरत नाहीत याची मला खंत वाटते. कागदावर लिहून ठेवलेली फाईल आता त्या जागी नाही ना, हे शेवटी डोळ्यांनी पाहावे.

मागे राहिलेली मोडतोड

प्रोग्राम गेला म्हणजे त्याने बदललेल्या गोष्टी पूर्ववत होतात असे नाही. अनेक घरांत सफाईनंतर 'आता इंटरनेटच चालत नाही' ही तक्रार येते. त्याचे कारण बहुधा प्रॉक्सी, म्हणजे इंटरनेटची ये-जा मधल्या दुसऱ्या संगणकातून वळवणारी सेटिंग, असते. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', त्यात 'प्रॉक्सी' उघडावे आणि 'यूझ अ प्रॉक्सी सर्व्हर' हा पर्याय बंद करावा. घरच्या जोडणीत त्याची गरज क्वचितच असते. इंटरनेट चालते पण अँटिव्हायरस कंपन्यांचीच संकेतस्थळे उघडत नाहीत, असे असेल तर संकेतस्थळाचे नाव कुठे न्यायचे हे ठरवणारी 'होस्ट्स' नावाची फाईल बदललेली असू शकते. ती सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरांच्या आत असते आणि प्रशासक म्हणून उघडलेल्या नोटपॅडमध्ये वाचता येते. तिच्यात हॅशच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी निरुपद्रवी असतात. त्या चिन्हाशिवायच्या ओळींत मायक्रोसॉफ्टचे किंवा अँटिव्हायरस कंपन्यांचे पत्ते दिसले तर त्या ओळी काढाव्यात.

डिफेंडरची एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या 'मॅनेज सेटिंग्ज'मध्ये अगदी खाली 'एक्स्क्लूजन्स' असतात, म्हणजे डिफेंडरने ज्या फोल्डरांकडे पाहायचेच नाही त्यांची यादी. बनावट प्रोग्राम स्वतःचा फोल्डर, काही वेळा अख्खा सी ड्राइव्ह, या यादीत घालून ठेवतो आणि मग डिफेंडर चालू दिसूनही आंधळा राहतो. घरच्या संगणकावर ही यादी रिकामी असणेच योग्य. तिच्यात काही सापडले तर ते काढून ऑफलाइन स्कॅन पुन्हा करावी, आणि त्याच पानावर 'रिअल-टाइम प्रोटेक्शन' व 'टॅम्पर प्रोटेक्शन' चालू करावे.

ब्राउझरची एक्स्टेंशन्स, म्हणजे त्याला जोडलेली छोटी सॉफ्टवेअर, एकेक करून पाहावीत आणि आपण स्वतः बसवलेली नसतील ती काढावीत. घरच्या क्रोममध्ये 'तुमची संस्था हा ब्राउझर व्यवस्थापित करते' अशी ओळ दिसत असेल, तर कुणीतरी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, धोरणे लिहून एक्स्टेंशन पक्के केले असण्याची शक्यता असते. काही खरे अँटिव्हायरसही अशी नोंद करतात, म्हणून आधी ॲडवक्लीनर चालवून पाहावे. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' टॅबमध्ये आणि 'टास्क शेड्युलर'मध्ये अनोळखी नोंदी राहिल्या असतील तर त्या आधी निष्क्रिय कराव्यात आणि काही दिवसांनी अडचण नसल्यास काढाव्यात. रजिस्ट्रीत हाताने खोदकाम करण्याचा सल्ला मी घरगुती वापरकर्त्याला देणार नाही. त्यातून होणारे नुकसान मूळ त्रासापेक्षा मोठे असू शकते.

क्वचित डेस्कटॉपवरच्या फाइल्सच नाहीशा झालेल्या दिसतात. हार्डडिस्क बिघडल्याची बतावणी करणारे काही बनावट प्रोग्राम फाइल्सना 'हिडन' करून ठेवतात आणि शॉर्टकट उचलून तात्पुरत्या फाइल्सच्या फोल्डरमध्ये टाकतात. म्हणून अशा वेळी 'डिस्क क्लीनअप' किंवा कोणतेही सफाईचे साधन चालवू नये. फाईल एक्स्प्लोररमध्ये 'व्ह्यू'मधून लपलेल्या फाइल्स दाखवण्याचा पर्याय निवडावा, फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधली 'हिडन'ची खूण काढावी आणि हा बदल आतल्या सर्व फाइल्सना लागू करावा. फोटो आणि कागदपत्रे बहुधा जागच्या जागी असतात.

फोनवरच्या 'तंत्रज्ञा'ला ताबा दिला असेल तर

इशाऱ्यावरचा क्रमांक लावला की मायक्रोसॉफ्टचा तंत्रज्ञ म्हणवणारा माणूस 'एनीडेस्क', 'टीमव्ह्यूअर' किंवा 'अल्ट्राव्ह्यूअर' बसवायला सांगतो. ही सॉफ्टवेअर स्वतः खरी आहेत, त्यामुळे अँटिव्हायरस त्यांना पकडेलच असे नाही. तो माणूस मग विंडोजमधला 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडतो आणि लाल-पिवळ्या खुणांच्या लांबलचक यादीकडे बोट दाखवून 'इतके व्हायरस' म्हणतो. ती यादी म्हणजे एखादी सेवा उशिरा सुरू झाली, प्रिंटर मिळाला नाही, अशा किरकोळ घटनांची नोंदवही आहे आणि ती कोणत्याही निरोगी संगणकावर तशीच दिसते. कुणालाही पडताळायचे असेल तर स्टार्टमध्ये ते नाव टाइप करून पाहावे. अशा कॉल सेंटरांचे जाळे आपल्या देशातही आहे. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून केंद्रीय अन्वेषण विभागाने ऑक्टोबर २०२३ मध्ये 'ऑपरेशन चक्र २' अंतर्गत त्यांच्यावर छापे घातले होते.

ताबा दिला गेला असेल तर इंटरनेट तोडून दूरस्थ जोडणीचे प्रत्येक सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करावे. परदेशी राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांच्या मदतीसाठी एनीडेस्क स्वतःच बसवलेले असते, अशी घरे पुष्कळ आहेत. तिथे ते काढून, मुलांशी बोलून, नवीन पासवर्डसह पुन्हा बसवावे. काही साधने सेवा म्हणून चालतात आणि कुणी परवानगी न देताही पुन्हा जोडली जातात, त्यामुळे नुसती खिडकी बंद करणे पुरेसे नाही. सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स' उघडून नवे वापरकर्ता खाते तयार झालेले नाही ना, ते पाहावे. ईमेलमध्ये आपल्या नकळत दुसऱ्या पत्त्यावर मेल पाठवण्याचा नियम लावलेला नाही ना, तेही तपासावे आणि सर्व उपकरणांवरून लॉगआउट करण्याचा पर्याय वापरावा. काही महिन्यांनी 'आमची कंपनी बंद होत आहे, तुमचे पैसे परत करायचे आहेत' असा फोन आला, तर तो त्याच फसवणुकीचा दुसरा अंक आहे. परताव्यासाठी संगणकाचा ताबा किंवा ओटीपी द्यावा लागत नाही.

विंडोज नव्याने घालायची वेळ कधी येते

ऑफलाइन स्कॅननंतरही चौकट परत येत असेल, डिफेंडर चालू होत नसेल किंवा अनोळखी माणूस संगणकाच्या आत बराच वेळ असेल, तर मी सफाईवर विसंबून राहणार नाही. आधी फोटो, कागदपत्रे आणि हिशेबाच्या फाइल्स बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्याव्यात. इन्स्टॉल करायच्या फाइल्स, क्रॅक केलेली सॉफ्टवेअर आणि अनोळखी झिप फाइल्स मात्र सोबत नेऊ नयेत, कारण बहुतेकदा रोग तिथूनच आलेला असतो. मग सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम', 'रिकव्हरी' आणि 'रीसेट धिस पीसी' निवडावे. विंडोज १० मध्ये 'रिकव्हरी' हे 'अपडेट अँड सिक्युरिटी'खाली असते. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि 'क्लाउड डाउनलोड' हे पर्याय घ्यावेत, म्हणजे विंडोजची ताजी प्रत मायक्रोसॉफ्टकडून येते. तिला काही जीबी डेटा लागतो, तेव्हा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे करू नये. 'कीप माय फाइल्स' हा पर्याय सोयीचा वाटतो, पण ताबा दिलेल्या संगणकासाठी तो मला पुरेसा वाटत नाही.

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे संगणक झेपणारा असेल तर याच वेळी विंडोज ११ कडे जावे. नवी मांडणी झाल्यावर दोन खाती करावीत: एक प्रशासकाचे, जे केवळ सॉफ्टवेअर बसवताना वापरायचे, आणि दुसरे 'स्टँडर्ड', ज्यावर मुलांचा अभ्यास, बँकेची कामे आणि रोजचे ब्राउझिंग चालेल. स्टँडर्ड खात्यात बसू पाहणाऱ्या बहुतेक प्रोग्रामांना प्रशासकाचा पासवर्ड मागावा लागतो. काही बनावट प्रोग्राम त्या खात्याच्या ॲपडेटामध्ये तरीही शिरू शकतात, पण त्यांना डिफेंडर बंद करता येत नाही किंवा होस्ट्स फाईल बदलता येत नाही, आणि पुढच्या वेळची सफाई मग त्या एका खात्यापुरतीच उरते.